जॉर्ज पंचमची १ रुपया (१९१७) आणि २ रुपये ८ आणे: घेण्याआधी काय काय तपासायचं?

कोरा_कागद:

नमस्कार मंडळी. रिझर्व्ह बँकेच्या सहाव्या जॉर्जच्या नोटा गव्हर्नर टेलर आणि देशमुख अशा दोन्ही सह्यांमध्ये बऱ्यापैकी जमल्या आहेत. आता मागे, पाचव्या जॉर्जकडे सरकायचं आहे. एका विक्रेत्याकडे तीन नोटा आहेत. फोटो टाकता येत नाहीत, म्हणून वर्णन देतो.

पहिली: १ रुपया, १९१७, सही गब्बे. डावी कड दातेरी. मधोमध एक उभी घडी, ती तिरप्या उजेडातच दिसते. कागद पांढराशुभ्र, पण हाताला मऊ.

दुसरी: २ रुपये ८ आणे, बी अक्षराची. कागद पिवळसर, चांगला कडक. वॉटरमार्कच्या मोकळ्या जागेत दोन भोकं, त्यांच्याभोवती तांबूस कडं.

तिसरी: १० रुपयांची एकतर्फी, म्हणजे एकाच बाजूला छापलेली, हिरवी नोट, मुंबईची. मधोमध कापून मागून कागदाच्या पट्टीने जोडलेली. दोन्ही अर्ध्यांवर क्रमांक आहेत आणि ते जुळतात.

विक्रेत्याच्या मते पहिली सर्वांत चांगली, म्हणून तिचीच किंमत सर्वांत जास्त. तिन्ही नोटा जाड, चिकटसर प्लास्टिकच्या पाकिटांत आहेत. कोणती घ्यावी, कोणती सोडावी आणि घेतल्यावर ठेवावी कशी? शिवाय बहीण लंडनला असते, तिलाही एक भेट द्यायची आहे. पाठवता येईल का?

दहापट_भिंग:

तुमच्या वर्णनावरून पहिली सोडा म्हणावंसं वाटतं. पण आधी खात्री करून घ्या, कारण ही तपासणी पुढे प्रत्येक नोटेला लागेल.

"पांढराशुभ्र पण मऊ" इथेच शंका येते. त्या काळच्या नोटेच्या कागदाला खळ असते. खळ शाबूत असली की नोट हलवल्यावर करकरीत आवाज येतो आणि हातात धरलेली नोट आडवी राहते, मान टाकत नाही. नोट पाण्यात बुडवली की खळ निघून जाते, मळ निघतो, कागद उजळतो आणि धुतलेल्या रुमालासारखा लुळा पडतो. मग ती दाबून सपाट केली जाते. शंभर वर्षं वापरात मळून मऊ झालेली नोट असू शकते, न वापरता पांढरट आणि कडक राहिलेली नोटही असू शकते. पांढरी आणि मऊ अशी दोन्ही लक्षणं एकत्र आली की बहुतेक वेळा ती धुतलेलीच निघते.

तपासताना नोट पाकिटातून बाहेर काढायला लावा. विक्रेता काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

खोलीत अंधार करून नोट काळ्या कागदावर ठेवा आणि टॉर्च जवळपास नोटेच्या पातळीवर आणा, पाच-दहा अंशांहून जास्त उंच नको. दाबून नाहीशी केलेली घडी समोरच्या उजेडात दिसत नाही. या उजेडात मात्र बारीक उंचवट्यासारखी उठून दिसते. त्या रेषेवर दहापट भिंग धरा. घडी खरोखर हलकी असेल तर शाई सलग दिसेल. शाई तुटून कागदाचे तंतू उघडे पडले असतील तर घडी कडक होती आणि ती लपवली गेली आहे. मागची बाजूही अशीच बघा, मागे फसवणूक लवकर उघडी पडते.

मग अतिनील टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे ३९५ चे टॉर्च इतका जांभळा उजेड टाकतात की कागदाची स्वतःची चमक कळत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि दोन-चार सेकंदांहून जास्त वेळ नोटेवर रोखू नका. १९१७ च्या कागदात चमक आणणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे तो मंद, मळकट दिसायला हवा. निळसर पांढरा चमकला तर दोन कारणं संभवतात. सगळीकडे एकसारखा, अगदी भोकाच्या आतल्या कडेलाही चमकला तर कागदच अलीकडचा, म्हणजे नोट बनावट. ठिपक्या-ठिपक्यांनी, घडीत आणि कडेला जास्त चमकला तर कपडे धुण्याची पावडर लागलेली आहे. त्या पावडरीतलं द्रव्य तंतूंना धरून बसतं.

वॉटरमार्क उजेडासमोर धरून बघा, मग उजेडाकडे पाठ करूनही बघा. खरा वॉटरमार्क कागदाच्या जाडी-पातळपणातून तयार होतो. १ रुपयाच्या नोटेत किरणांचा तारा असतो. तो समोरून पडणाऱ्या साध्या उजेडातही स्पष्ट, पांढरट किंवा तेलकट दिसला तर तो वरून छापलेला आहे. छपाईवरही भिंग फिरवा. अस्सल छपाईत रेषा सलग असतात. रेषेच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसले तर तो संगणकावरचा प्रिंट.

दातेरी कडेबद्दल. या नोटा २५-२५ च्या पुस्तिकांतही येत, तिथून फाडल्यामुळे डावीकडे दाते असतात. त्यामुळे दातेरी कड हा दोष नाही, उलट जमेची बाजू. फक्त इतर तीन कडा बघा. छपाईपासून कडेपर्यंतचं अंतर वर-खाली पट्टीने मोजा. एका बाजूला एकदम अर्धा-एक मिलीमीटर कमी भरलं, कोपरे धारदार असले आणि त्या कडेचा कापलेला भाग बाकीच्या कडांपेक्षा उजळ असला, तर फाटकी कड छाटून टाकली आहे. जुन्या कडा कागदाच्या जाडीतसुद्धा काळवंडलेल्या असतात.

दर्जाचं म्हणाल तर एकच खरी हलकी घडी असलेली न धुतलेली नोट सत्तरच्या मोजपट्टीवर पन्नाशीत, म्हणजे "जवळपास न वापरलेली" या गटात जाते. तीच धुतलेली आणि दाबलेली असेल तर नोटांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएमजीसारख्या संस्था तो दोष पाकिटावर लिहितात आणि भाव पडतो. विक्रेता पन्नाशीचा भाव मागतोय, असं दिसतंय.

अडीचकी:

दुसऱ्या नोटेबद्दल मी लिहितो, ही माझी आवडती नोट आहे.

अडीचकी पाठ असलेल्यांना हिचा हिशोब लगेच लागेल: चाळीस आणे, चार नोटा झाल्या की दहा रुपये. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, रुपयाचं चांदीचं नाणं पाडायला चांदी पुरेना. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ १९१८ मध्ये ही. १ जानेवारी १९२६ ला छोट्या नोटा काढणं खर्चाच्या कारणाने बंद झालं. एक रुपयाची नोट १९४० मध्ये परतली, ही परतली नाही. एक रुपयाच्या नोटेवर गब्बे, मॅकवॉटर्स, डेनिंग अशा तिघांच्या सह्या मिळतात, हिच्यावर फक्त गब्बे. दुसरी कोणतीही सही दिसली की नोट खाली ठेवा.

आता अक्षर. या नोटेवरचं मालिकेचं अक्षर सर्कल, म्हणजे नोट ज्या चलन विभागाची तो विभाग, सांगतं: ए म्हणजे कानपूर, बी मुंबई, सी कलकत्ता, के कराची, एल लाहोर, एम मद्रास, आर रंगून. मुंबई आणि कलकत्ता त्यातल्या त्यात बाजारात दिसतात. लाहोर, कराची, रंगून यांना त्याच अवस्थेत बराच जास्त भाव. म्हणून अक्षरावर हात फिरवलेला असू शकतो. बी चा आर करायला खालचं पोट थोडं खरवडलं की काम होतं. तुमची बी असल्याने ती भीती नाही, पण पुढे आर बघायला मिळाली तर अक्षरामागून उजेड सोडा. खरवडलेल्या जागी कागद पातळ होऊन जास्त उजेड येतो आणि तिथली तंतूंची लव उठलेली असते.

भोकं: त्या काळी नोटांची चवड टाचणीने किंवा दोऱ्याने एकत्र करत. त्यामुळे मोकळ्या जागेतली दोन ते चार भोकं ही नोट बाहेर पडतानाचीच. पीएमजी अशा भोकांना "नोट काढतानाची" म्हणून वेगळं नोंदवते. एकही भोक नसलेली अडीच रुपयांची नोट पाहिली तर मी भोकं बुजवलेली आहेत का ते आधी तपासेन. कागदाचा लगदा भरून बुजवलेलं भोक उजेडासमोर गडद ठिपका दिसतं, कारण तिथे कागद जास्त साठलेला असतो.

खरा प्रश्न तांबूस कड्याचा. तो टाचणीचा गंज. गंज कागदाला आतून खातो, कडं ठिसूळ होतं आणि काही वर्षांनी तेवढा तुकडा गळून मोठं भोक पडतं. भोकाची कड भिंगाखाली बघा. तडे गेले नसतील आणि कडं दोन मिलीमीटरच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचं औषध यातलं काहीही लावू नका. डाग फिका होतो, पण आम्ल कागदात राहतं आणि शाईसुद्धा उतरते.

तिन्हींतली हीच घ्या. पिवळसर आणि कडक असा कागद म्हणजे कुणी हात लावलेला नाही.

अकोला_सर्कल:

तिसऱ्या नोटेला कमी लेखू नका.

एकतर्फी नोटांवर क्रमांक दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असे. टपालातून पैसे पाठवताना लोक नोट मधोमध कापत, एक अर्धा आधी पाठवत, तो पोचल्याचं कळलं की दुसरा. वाटेत एक चोरीला गेला तरी चोराला त्याचा उपयोग नाही. घेणारा दोन्ही अर्धे जुळवून मागून पट्टी लावत असे. म्हणजे तुमच्या नोटेवरचा काप नुकसानीपेक्षा वापराची खूण जास्त आहे. पुरी नोट याहून महाग असणारच, पण जोडलेली नोट परवडणाऱ्या किमतीत त्या काळात नेऊन सोडते.

क्रमांक जुळतो हे बघितलंत, चांगलं केलंत. आता सर्कलचं नाव, तारीख, सही आणि हिरव्या नक्षीच्या रेषा कापावरून पलीकडे सरळ जातात का ते बघा. दोन वेगळ्या नोटांचे अर्धे जोडून एका अर्ध्यावरचा क्रमांक दुरुस्त केलेला असू शकतो, तिथे रेषा अर्ध्या केसाने तरी सरकतात. उजेडासमोर पाण्याच्या लाटांसारखा वॉटरमार्कही कापावरून सलग गेला पाहिजे. मागची पट्टी अतिनील उजेडात चमकली तर ती अलीकडची. चमकली नाही तर जुनी, आणि ती मुळीच सोडवू नका. मागे पेनाने केलेल्या सह्या, हुंडीवाल्याचा किंवा बँकेचा शिक्का असेल तर तोही पुसू नका. नोट कुठून कुठे फिरली ते त्यावरून कळतं.

एक गल्लत नेहमी होते. या नोटांच्या वॉटरमार्कमध्ये कागद बनवणाऱ्याचे सांकेतिक अंक असतात. त्यांना साल समजून विक्रेते नोट दहा-पंधरा वर्षं जास्त जुनी सांगतात. साल छापलेल्या तारखेवरूनच धरा.

मुंबईचं नाव नोटेवर का, तर मुळात नोट आपल्या सर्कलपुरतीच कायदेशीर होती. ही मर्यादा ५ रुपयांसाठी १९०३ मध्ये (ब्रह्मदेश वगळून), १० आणि ५० साठी १९१० मध्ये, १०० साठी १९११ मध्ये उठली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नोटांवर अकोला आणि नागपूर अशी उपसर्कलंही सापडतात. वऱ्हाडातल्या कापसाच्या व्यवहाराला रोकड लागायची हे लक्षात घेतलं की अकोल्याचं नाव तिथे का आहे ते उमजतं. तशी नोट समोर आली तर आधी तज्ज्ञाला दाखवा, मग पैसे मोजा. इतक्या दुर्मीळ वस्तूची नक्कल करण्यात फायदाही तितकाच मोठा.

कोरा_कागद:

सर्वांचे आभार. ३६५ चा टॉर्च लावला. पहिली नोट ठिपक्यांनी निळसर चमकते, घडीत सर्वांत जास्त. दुसरी आणि तिसरी मंद. तिसरीची पट्टीही चमकत नाही, लाटा सलग आहेत. दुसरीचं कडं मोठ्या भोकाला दीड मिलीमीटर, तडे नाहीत. म्हणजे दुसरी आणि तिसरी घेतो. ठेवायचं आणि पाठवायचं राहिलं.

वेखंड_पुरचुंडी:

आधी त्या चिकट पाकिटांतून नोटा आजच्या आज बाहेर काढा. चिकटपणा म्हणजे पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेलं तेल बाहेर येतंय. ते कागदात मुरतं, कागद पारदर्शक दिसू लागतो आणि शाई प्लास्टिकवर उतरते. नोट ओढून काढू नका. पाकिटाच्या दोन कडा कात्रीने कापून वरचा पापुद्रा उचला.

पाकीट पीव्हीसीचं आहे का हे ओळखायची सोपी रीत आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, पाकिटाच्या रिकाम्या तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे उघड्या हवेत करा, धूर घातक असतो. नवीन पाकिटं पॉलिएस्टरची (मायलार म्हणून मिळतात) किंवा साध्या पॉलिप्रॉपिलीनची घ्या, नोटेपेक्षा सर्व बाजूंनी चार-पाच मिलीमीटर मोठी. एक बाजू उघडी ठेवा, चिकटपट्टीने बंद करू नका. लॅमिनेशन तर कधीच नाही, तो गोंद आणि ती उष्णता परत घेता येत नाही.

ओलसरपणा ४० ते ५० टक्के राहिला पाहिजे. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर तो ८० च्या वर सहज जातो आणि नोटेवर तपकिरी ठिपके उठतात, ती बुरशी. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारं सिलिका जेल. सुरुवातीला जेल थोडंच घाला. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरा. मापक ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या, फार कोरडा कागद घडीवर तुटतो. डबा लोखंडी कपाटात चालेल, पण ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते.

कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकना विरघळवते. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, डब्यात नको. नोट हाताळताना हातमोजे लागत नाहीत. सुती मोज्यात फाटका कोपरा अडकतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नोट कडेने धरा, बस.

लंडनचं: शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते (ऐतिहासिक मूल्याच्या कागदपत्राला पंच्याहत्तरच वर्षं पुरतात) आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. आपल्याकडची लिलावगृहंही शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवत नाहीत. तेव्हा या दोन्ही नोटा इथेच राहू द्या. ताईंसाठी १९४० च्या दशकातली नोट निवडलीत तरी आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, तो मिळाला तरच पाठवा. किंवा त्यांना तिकडेच घ्यायला सांगा. या नोटा ब्रिटनमध्ये भरपूर आहेत.

कोरा_कागद:

दाखला मिळाला तर ताईसाठी देशमुखांच्या सहीची २ रुपयांची देतो. विक्रेता आता पहिलीच्या बदल्यात "पाकिस्तान" छापलेली २ रुपये दाखवतोय. ती घ्यावी का?

दहापट_भिंग:

ताईंना देशमुखांची देणं छान. काळ्या क्रमांकाची आणि लाल क्रमांकाची अशी दोन्ही येते. लाल कमी मिळते, ती स्वतःला ठेवलीत तरी चालेल.

पाकिस्तानवाली नोट जपून. त्या नोटा नाशिकलाच छापल्या गेल्या आणि १ एप्रिल १९४८ पासून तिकडे चालल्या. मोकळ्या जागेत वर इंग्रजीत "गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान", खाली उर्दूत "हुकूमत-ए-पाकिस्तान". साध्या नोटेवर रबरी शिक्का मारून केलेल्या बनावट नोटा भरपूर आहेत, कारण साधी दोन रुपयांची नोट स्वस्त आहे.

तीन गोष्टी बघा. टेलरांची सही असेल तर लगेच परत करा. टेलर फेब्रुवारी १९४३ मध्येच वारले, १९४८ च्या छपाईवर त्यांची सही येणार नाही. मग घडी जिथे अक्षरावरून जाते ती जागा भिंगाखाली धरा. अक्षर घडीच्या आधीचं असेल तर घडीवर शाई झिजलेली, तुटलेली दिसते. शाई घडीच्या खाचेत उतरून पसरली असेल किंवा मळाच्या वर बसली असेल, तर आधी नोट वापरली गेली आणि मग शिक्का पडला. आणि अक्षरांच्या कडा: छापलेली अक्षरं तुळतुळीत कापल्यासारखी, शिक्क्याची शाई मात्र तंतूंतून कोळ्याच्या पायांसारखी पसरते.

नोट अगदी कोरी, बिनघडीची असेल तर दुसरी कसोटी लागू होत नाही. मग लिलावात किंवा जाणकाराकडे खात्रीच्या नोटेशेजारी ठेवून अक्षरांचा आकार आणि जागा जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोरा_कागद:

सही देशमुख. पण "पाकिस्तान"च्या "के"वरून एक घडी जाते आणि शाई खाचेच्या तळापर्यंत भरलेली आहे, दोन्ही बाजूंना तंतूंत पसरलीही आहे. परत केली. दुसरी आणि तिसरी घेतली, पाकिटं उद्या येतील.

वेखंड_पुरचुंडी:

तोपर्यंत दोन कोऱ्या, आम्लविरहित कागदांच्या मध्ये जाड पुस्तकात ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदात नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात.